ओसरीवरचं थेटर

"लग्नाला नाही आलास तरी चालेल, गोंधळाला मात्र ये." धाराशिवकडच्या मित्राचा हा निरोप. त्याच्या पुतण्याचं लग्न पुण्यातल्या कार्यालयात उरकलं होतं. आम्हीही अक्षता टाकून, आइस्क्रीम खाऊन घरी परतलो होतो. पण घरातली म्हातारी मंडळी ते लग्न पुरतं झालं असं मानायला तयार नव्हती. तुळजापूरजवळच्या गावी, जुन्या वाड्यात देवीपुढं गोंधळ घातल्याशिवाय नवरा-नवरी मोकळे होत नाहीत. माघ महिना होता, शेतात ज्वारी उभी होती. निरोपाच्या शेपटाला त्यानं हुरड्याचं आमिष लावलं होतं. ते नसतं तरी मी गेलो असतो.

कारण डोक्यात वेगळंच काही घोळत होतं. काही वर्षांपूर्वी लंडनच्या इस्लिंग्टन भागात, किंग्ज हेड नावाच्या पबच्या मागच्या खोलीत नाटक पाहिलं होतं. डॅन क्रॉफर्ड या गृहस्थानं 1970 साली तिथं नाटकं सुरू केली. पुढच्याच वर्षी इंग्लंडनं पौंड-शिलिंग-पेन्सचा जुना हिशेब मोडीत काढला, पण या गड्याच्या बारवर बिअरचा भाव त्यानंतरही कैक वर्षं शिलिंगातच सांगत. पुढं गिऱ्हाईक, मागं नाटक, मध्ये एक दार. मी बसलो होतो तिथून नटीच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती आणि ती अडखळते की काय या काळजीत माझा निम्मा अंक गेला. 2024 च्या सुरुवातीला ते थिएटर शेजारच्या नव्या जागेत गेल्याचं वाचलं, तेव्हा उगाच चुटपुट लागली.

आपल्याकडं असं कुठं? मुंबईत 'आविष्कार'नं 1974 पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात हेच केलं. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे. पण हा सगळा नाटकवाल्यांनी नाटकवेड्यांसाठी मांडलेला संसार. गावात काय? मित्राला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "तू ये तर खरं. आमच्यात पब नसतो, ओसरी असते."

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की आभाळ मोठं होतं. काळी जमीन, बांधावर बाभळी आणि लिंब, त्याखाली काळ्याभोर शेळ्या. ही उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये सरकारी कागदावरही धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं कपाआधी प्रश्न ठेवला, "कुठलं गाव म्हणायचं?" पुण्यात अनोळखी माणसाला 'काय काम आहे?' असं विचारतात. इथं गाव विचारतात, मग आडनाव, मग आडनावावरून एखादा सोयरा निघतो का ते चाचपून पाहतात. माझा निघाला नाही, याचं त्यालाच वाईट वाटलं. त्यानं चहाचे पैसे घेतले, पण भज्यांचे घेतले नाहीत.

अणदूर लागलं. अणदूर आणि पुढचं नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला काही काळ ती इथं असते, काही काळ तिथं, आणि नेण्या-आणण्याचा लेखी करार दोन्हीकडची माणसं करतात. देवाच्या मुक्कामाचा कागद करणारी ही माणसं देवापुढं जागरण घालतात तेव्हा मात्र सगळा व्यवहार तोंडी. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घाटी, साथीला तुणतुणं, आणि अंगण भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. देवीचा गोंधळ, खंडोबाचं जागरण. या मुलखातल्या लग्नघराला बहुतेक दोन्ही चुकत नाहीत, म्हणून शब्दही जोडीनंच येतो, जागरण-गोंधळ.

नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवली आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला हा बंधारा, आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहून ते पाणी पाहू शकतो. आम्ही गेलो तेव्हा माघ असल्यानं धबधबे गप्प होते. तरी आतल्या खिडकीशी टेकून उभा राहिलो. उंचावरून पडणारं पाणी लांबून पाहण्यापेक्षा हातभर अंतरावरून पाहावं, एवढ्यासाठी कुणीतरी धरणाच्या भिंतीत खोली काढली. ज्यानं कुणी काढली तो पहिल्या रांगेतलं तिकीट घेणारा प्रेक्षक असणार.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात आहे. बहुतेक देवळांना पायऱ्या चढून जावं लागतं, इथं भवानीच्या दारात पायऱ्या उतरून जातात. वाटेवर कुंकवाचे ढीग, परड्या, आणि कवड्यांच्या माळा. त्या माळेला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मिळालं आसंल. घ्या की एक." गर्दीतून मधूनच आरोळी उठते, 'आई राजा उदो उदो'. आईला राजा म्हणणारं हे गाव.

इथं येणारा भाविक लॉजवर उतरतो तसा पुजाऱ्याच्या घरीही उतरतो. पिढ्यानपिढ्या एकेका घराण्याचा पुजारी ठरलेला. मित्राच्या घरचे पुजारी म्हणजे त्याच्या आजोबांच्या पुजाऱ्यांचे नातू. जेवण त्यांच्याकडंच झालं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. पुण्यात आम्ही पाहुण्याला आग्रह करताना 'अजून एक घ्या' म्हणतो. इथं विचारतच नाहीत, भाकरी ताटात पडते.

जेवता जेवता मंचकी निद्रेचा विषय निघाला. भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. देवी निजते, उठते, सीमोल्लंघनाला पालखीत बसते. पुजारीबुवा हे सांगत होते ते घरातल्या थोरल्या बाईची प्रकृती सांगावी तशा आवाजात. नेपथ्य, प्रवेश, प्रस्थान हे शब्द माझ्याच डोक्यात येत होते, त्यांच्या नाही.

संध्याकाळी गावी पोचलो. वाडा म्हणजे पुण्यातल्या वाड्यासारखा तिमजली नव्हे. दगडी जोतं, माळवदाचं छप्पर, मध्ये चौक, तिन्ही बाजूंना ओसरी. ओसरीवर बायका, पायरीवर म्हातारे, चौकात सतरंजीवर बाकीचं गाव. साठेक माणसं असतील. बालगंधर्व रंगमंदिरात जवळजवळ हजार माणसं बसतात, तरी शेजारच्याचं नाव कळत नाही. इथं मला पंधरा मिनिटांत चारजणांच्या गुडघेदुखीची माहिती होती.

आधी चौक भरला. पाटावर नवा खण, त्यावर तांदळाची रास, राशीवर कलश, विड्याची पानं, नारळ. पाटाभोवती ज्वारीची पाच ताटं उभी करून त्यांची टोकं वर एकत्र बांधली. अख्खा रंगमंच तीन फुटांचा आणि शेतातून आणलेला. बाजूला दिवटी आणि तेलाची बुधली. गोंधळी चौघे आले होते, तेही मोटारसायकलींवर, संबळ मांडीवर घेऊन. ओसरीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत त्यांनी पँटवरून पायघोळ झगे चढवले, कवड्यांच्या माळा घातल्या, डोईला पागोटी बांधली. विंगेत काय चालतं ते बघायला आम्ही धडपडतो. इथं विंगच नाही. पागोटं बांधताना एकजण फोनवर कुणाला तरी सांगत होता की खताचं पोतं आत ठेव, दव पडतंय.

मग संबळ वाजला. कमरेला बांधलेली ही दोन भांडी, एक चढ्या आवाजाचं, एक खर्जातलं, काठ्यांनी वाजवायची. मैदानात ती ऐकली आहेत. बंद चौकात, सहा हातांवरून ऐकली तेव्हा कानांआधी छातीला कळलं. माझ्या शेजारचं तान्हं पोर मात्र झोपून राहिलं. त्याला पोटातच सवय झाली असावी.

नायकानं देवांना बोलवायला सुरुवात केली. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला गावाच्या नावानं हाक. मोठे देव संपल्यावर गावच्या मारुतीला बोलावलं, वेशीच्या मरीआईला, मग घरातल्या तसबिरींतल्या पणज्यांना. ही यादी त्यानं संध्याकाळी चहा पिताना मित्राच्या चुलत्याकडून काढून घेतली होती, ते मी पाहिलं होतं. तरी त्या नावांनी हाक गेली तेव्हा ओसरीवरच्या एका आजींनी पदर डोळ्याला लावला, आणि ती बातमी कुठून आली हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

गोंधळाची उत्पत्ती गोंधळी अशी सांगतात की परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिरापासून आणि शिरांपासून वाद्य केलं आणि ते वाजवत रेणुकामातेला वंदन केलं. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा आहेत, एक तुळजाभवानीची, दुसरी रेणुकेची. आमचे अर्थातच कदमराई. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचं नाव घेताना नायकानं कानाच्या पाळीला हात लावला. गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसाच.

पूर्वरंग संपून आख्यान लागलं आणि इथं मला माझं इस्लिंग्टन आठवलं. नायक कथा सांगतो, साथीदार झील धरतात, आणि त्यातला एक मधेमधे मूर्खासारखे प्रश्न विचारतो. राजा म्हटलं की हा विचारणार, राजा म्हणजे आपल्या सरपंचावानी का? राणी रुसली म्हटलं की हा ओसरीकडं बघणार आणि नवरीच्या सासूचं नाव घेणार. राजवाड्याच्या दारात उभा राहिलेला पहारेकरी थेट नवऱ्याचा मामा झाला, कारण मामा खरोखरच दाराशी उभा राहून तंबाखू मळत होता. मामानं मळलेली चिमूट तशीच हातात धरून पुढचा सगळा प्रवेश पहारा दिला. या जागा लिहिलेल्या नसतात. त्या रोज नव्या घरात नव्यानं शोधायच्या असतात आणि त्यासाठी मामाच्या हातातली तंबाखू दिसेल इतकं जवळ असावं लागतं. विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान मोठ्या रंगमंचावर नेलं, द्रौपदीच्या मनात कर्ण आल्याची ती कथा देशभर पोचवली, हे मोठं काम आहेच. पण मोठ्या रंगमंचावरून मामा दिसत नाही.

साडेदहाच्या सुमारास लाइट गेली. पुण्यात नाटकात वीज गेली तर आधी 'ए' अशी आरोळी, मग मोबाइलचे दिवे, मग तिकिटाचे पैसे परत मिळतील का ही चर्चा. इथं एका पोरानं दिवटीवर बुधलीतलं तेल ओतलं, ज्योत हातभर उंच झाली आणि कथा पुढं गेली. नायकाचा चेहरा खालून उजळला. माळवदाच्या तुळयांवर त्याच्या पागोट्याची सावली दुप्पट होऊन हलू लागली. अर्ध्या तासानं लाइट परत आली तेव्हा तीन-चारजण एकदम म्हणाले, "बंद करा की ते."

आणि करपल्लवी! हिच्याबद्दल नुसतं वाचलं होतं. गोंधळ्यांची ही बोटांची भाषा आहे, अख्खी बाराखडी बोटांवर बसवलेली. एक गोंधळी चौकाच्या पार त्या टोकाला पाठ भिंतीला लावून उभा राहतो. दुसरा प्रेक्षकांत येतो, आपण त्याच्या कानात एक नाव सांगायचं. तो तोंड मिटून फक्त बोटं हलवतो आणि पलीकडचा ते नाव खणखणीत आवाजात सांगतो. एका पोरानं शाळेतल्या गुरुजींचं नाव दिलं, बरोबर आलं. एका वहिनींनी माहेरच्या गावाचं दिलं, तेही आलं. मग बोट माझ्याकडं वळलं, "पुण्याचं पावणं, द्या की नाव." मला खोडी सुचली. कानात म्हटलं, 'इस्लिंग्टन'. गोंधळ्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याची बोटं चालली, एक मिटलं, दोन उघडली, अंगठा पेरावरून सरकला, मध्येच थांबून पुन्हा मागं आला. चौकात चिडीचूप. पलीकडचा गडी कपाळाला आठी घालून पाहत राहिला आणि दमादमानं बोलला, "इस... लिंग... टन." क्षणभर थांबून पुढची भर त्याची स्वतःची, "हे काय गाव हाय का औषध?"

हसण्याचा जो लोट आला त्यात मीही बुडालो. मग त्यांना सांगावं लागलं की ते लंडनमधलं गाव आहे आणि तिथं दारूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत नाटक होतं. "दारू पिऊन बघतेत?" मी म्हटलं, "आधी पितात, मग बघतात, मग पुन्हा पितात. दारूच्या पैशावर नाटक चालतं." नायकाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, नाटक कशावर चालतं ते सुपारी देणाऱ्याला विचारावं. इथं गोंधळाची सुपारी लग्नघर देतं, ओवाळणी ताटात पडते, बिदागी ठरलेली असते आणि जेवण वेगळं. तिकडं प्रेक्षक नाटक निवडतो. इथं नवस फेडायचा म्हणून घराला गोंधळ घालावा लागतो, आवडो न आवडो. म्हणून गोंधळ्याला न आवडणाऱ्यांपुढंही उभं राहावं लागतं. तरी पूर्वी रात्र उजाडेपर्यंत चालणारा गोंधळ आता कैक घरी तास-दीड तासात गुंडाळतात, कारण डीजेवाल्याचे पैसे आधीच भरलेले असतात. हे त्यानं तक्रारीच्या सुरात नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. आमचा गोंधळ पहाटे तीनला आरतीनं संपला. नवरा-नवरी त्याआधी कधीच भिंतीला टेकून झोपले होते, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते.

सकाळी शेतात हुरडा. शेणीच्या आरात कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं, दाणे फुंकायचे. गूळ, लसणाची चटणी आणि दही. हुरडा खाणाराला बोलायला तोंड मोकळं नसतं, म्हणून बहुधा पाहुण्याला हुरड्याला नेतात.

धाराशिव शहरात मुक्काम थोडा झाला. या शहरानं एप्रिल 2017 मध्ये 97वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरवलं, अध्यक्ष जयंत सावरकर होते. जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली 93वं साहित्य संमेलनही इथंच झालं. तीन वर्षांत दोन संमेलनं म्हणजे मोठाच मान. मात्र शहरात भेटलेल्या एका हौशी नटाचं म्हणणं असं, की संमेलनाचा मांडव चार दिवस असतो आणि तालमीला खोली वर्षभर लागते. मग त्यानं आम्हाला गुलाबजाम खायला नेलं. धाराशिवचे गुलाबजाम चांगले मोठे, गडद आणि आत खव्याचे असतात. कुंथलगिरीच्या खव्याला मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात दुसरं काय असणार? दोन खाल्ल्यावर तालमीच्या खोलीचा प्रश्न तसाच राहिला.

तेरला मी गोरा कुंभारांसाठी गेलो. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर, ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये याचं नाव आहे. लामतुरे संग्रहालयात इथं सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मुळात बौद्ध चैत्य असल्याचं मानतात. पण माझ्या मनात आली ती एक बैठक. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबांच्या थापटण्याकडं बोट दाखवलं, की याचं काम काय? कच्चं-पक्कं मडकं ओळखायचं. मग आमच्यातलं कच्चं कोण ते सांगा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत फेरी घातली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव कळवळले, आणि मडकं कच्चं ठरलं. या कथेत प्रेक्षक कुणीच नाही, जो बसला आहे त्याच्या डोक्यावर थापटणं येणारच. आदल्या रात्री मामाचं आणि माझं तेच झालं होतं. सुदर्शनला पहिल्या रांगेत बसताना आम्ही पाय आखडून घेतो, नटाच्या पायात येऊ नयेत म्हणून. तेवढीच आमची जोखीम.

येडशी ओलांडून येरमाळ्याकडं निघालं की हमरस्त्याच्या कडेला कलाकेंद्रांच्या पाट्या दिसू लागतात. चोराखळीच्या आसपास त्या जास्तच. पबशी खरं नातं जुळतं ते यांचंच. पुढं हॉटेल, मागं थेटर. हो, इथं त्याला थेटरच म्हणतात. तमाशाचे दोन प्रकार, एक गावोगाव तंबू ठोकणारा ढोलकीफडाचा, दुसरा एका जागी राहणारा संगीत बारीचा. एका थेटरात बऱ्याच पार्ट्या, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचे ताफे, असतात, प्रत्येकीची पाळी येते, ती बारी. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक वाचलेल्यांना हे नवं नाही. मला वाचून माहीत होतं, पाहून नव्हतं.

मित्राची बायको म्हणाली, मीही येणार. दारातल्या माणसानं आधी तिच्याकडं, मग आमच्याकडं पाहिलं आणि काही न बोलता वाट दिली. आधी मोठ्या खोलीत सगळ्या पार्ट्यांनी एकेक लावणी केली, चित्रपटातली, ठेक्याची, शिट्ट्यांची. ते तितकंसं मनात राहिलं नाही. मग फर्माइशीची बैठक. दहा-बारा माणसं मावतील एवढी खोली, भिंतीला टेकून गाद्या, पेटीवाला, ढोलकीवाला आणि समोर चाळिशी ओलांडलेली एक बाई, साधी जरीची साडी, पायात घुंगरू. तिनंही तेच विचारलं, "कुठलं गाव?" पुणं म्हटल्यावर हसून म्हणाली, "मग जुनं म्हणते."

ती उठलीच नाही. बसून गायली. बैठकीच्या लावणीत पायांना काम थोडं, बोटांना आणि भुवयांना फार. एकच ओळ तिनं पाच-सहा वेळा म्हटली. पहिल्यांदा ती रुसलेली होती, मग थकलेली, मग थट्टेत, मग कुणाची तरी वाट बघणारी, आणि एकदा तर तिनं ओळ म्हणताना माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं नुसतं पाहिलं. वाट बघण्याचा सगळा अर्थ त्या घड्याळात जाऊन बसला. मी घड्याळ बाहीखाली सरकवलं. यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढं 2012 मध्ये पद्मश्री, ती याच अदाकारीसाठी. तिचा कस लागतो तो पाच हातांच्या आत, विसाव्या रांगेतून भुवई दिसत नाही.

पण गोंधळाच्या चौकातून इथं आलेल्या माणसाला दोन गोष्टी टोचल्या. तिकडं गोंधळ्याला घर जेवू घालत होतं, इथं खोलीचे पैसे ठरले होते, त्यात थेटराचा वाटा, पार्टीचा वाटा, वाजवणाऱ्यांचा वाटा. आणि तिकडं कुणी गोंधळ्याकडं तसं पाहत नव्हतं जसं शेजारच्या गादीवरचे दोघे या बाईकडं पाहत होते. कोल्हाटी समाजातल्या बायकांनी ही कला पोसली आणि त्या कलेनं त्यांना काय दिलं ते किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये 1994 साली लिहून ठेवलं आहे. जवळीक कलेला उजळते तशी कलावंताला उघडीही पाडते. मित्राच्या बायकोनं मध्येच उठून त्या दोघांच्या आणि बाईच्या मध्ये येईल अशी जागा घेतली. बाईनं ते पाहिलं, पुढची ओळ तिच्याकडं वळून म्हटली आणि मग बैठक संपेपर्यंत ती तिच्यासाठीच गायली. निघताना दोघी दाराशी बराच वेळ बोलत होत्या, कशाबद्दल ते आम्हाला सांगितलं नाही.

येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर सकाळची हवा होती. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत इथं लाखो माणसं चुनखडी वेचायला येतात. माघात मोजून वीस. पायरीवर एक आराधी बाई परडी मांडून एकटीच गात होती, ऐकायला कुणी नसताना. आम्ही तिघं बसलो तेव्हा तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

पुण्याला परतल्यावर नायकाला फोन केला. आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये गोंधळ घालाल का? नवस नाही, लग्न नाही, नुसतं चाळीस माणसांनी जवळ बसून ऐकायचं. त्यानं आधी विचारलं देव्हारा आहे का, मग हॉल केवढा, मग जेवण काय. आषाढात मोकळा आहे म्हणाला. शेवटी विचारलं, "तुमच्यात दिवटी पेटवू देतेत का?" सोसायटीच्या समितीकडं अर्ज दिला आहे. संबळ रात्री दहापर्यंत चालेल, असं उत्तर आलं. दिवटीचं अजून कळवलेलं नाही.